चाळीस दिवसांची इंदू

"उद्या स्वयंपाकघरात येऊन म्हणतील, आमटीत मीठ कमी आहे, म्हणून पोराला प्रवेश नाही!"

मागच्या खुर्चीवरच्या बाई हे नवऱ्याच्या कानात पुटपुटल्या होत्या खऱ्या, पण त्यांचं पुटपुटणं पुढच्या दोन रांगांपर्यंत पोचलं. प्रणोतीला हसू फुटलं. तिनं ते ओढणीआड दाबलं आणि शेजारी बसलेल्या विश्वजीतला कोपरानं ढोसलं. विश्वजीत हसला नाही. तो मंचावरच्या पडद्यावरचे आकडे पाहत होता. जागा साठ. अर्ज अकराशे चार.

इचलकरंजीतली 'अंकुरवेल' ही काही राजेमहाराजांची शाळा नव्हती. पण पट कमी म्हणून गावातल्या शाळा एकमेकींत मिसळत गेल्या, आणि उरलेल्यांमध्ये ही बरी. लहान गटात एकदा पोर चिकटलं की चौथीपर्यंत बघायला नको. न चिकटलं तर दुसरी शाळा शोधायची म्हणजे रोज बसनं तासभर जायचं नि तासभर यायचं, चार वर्षांच्या जिवानं.

मंचावरची समुपदेशक मुलगी लाघवी होती. "मुलांची मुलाखत घ्यायची नाही, असा कायदा आहे. पालकांचीही नाही. आणि आम्ही तो शंभर टक्के पाळतो," ती म्हणाली.

पाळत होतेच. विचारायला बंदी होती. ऐकायला नव्हती.

त्या मुलीनं तळहातावर एक पांढरी वस्तू धरली. करंजीएवढी, कडेला मुरड असलेली. अधिकृत नाव 'गृहसंवाद मापक'. गावानं त्याला दोन वर्षांपूर्वीच 'कान' म्हणून टाकलं होतं. "यांच्याकडं कान बसला," "त्यांचा कान उतरला," असं लोक लग्नाच्या मुहूर्तासारखं बोलत.

हा कान चाळीस दिवस घरात भिंतीवर असायचा. कोण काय बोललं ते तो साठवत नसे, निदान तसं सांगत. तो मोजायचा फक्त फेऱ्या. मूल काही बोललं, मोठ्या माणसानं पाच सेकंदांच्या आत त्याला उत्तर दिलं, त्यावर मूल पुन्हा बोललं, की झाली एक फेरी. मागावर धोटा इकडून तिकडं जातो नि परत येतो, तेव्हा कुठं कापडाचा एक धागा भरतो, तसंच. शास्त्रज्ञांना म्हणे दिसलं होतं की लहानपणी अशा फेऱ्या जितक्या जास्त, तितका मेंदूतला भाषेचा दोर जाड होतो. नुसते शब्द कानावर पडून होत नाही. टीव्ही दिवसभर बडबडतो, त्यानं दोर वळला जात नाही. समोरून उत्तर यावं लागतं. शिवाय आवाज चढला, की बोलणाऱ्याच्या मनावर ताण आहे, असं कान धरून चालायचा, आणि ताणाचे गुण वजा करायचा. एवढ्यावरून तो पुढच्या पाच वर्षांचा अंदाज द्यायचा: हे मूल वाचायला कधी शिकेल, गणितात कुठं अडेल, शाळा सोडेल का. दहातले आठ अंदाज खरे निघत. आठ खरे निघाल्यावर उरलेल्या दोनांची आठवण कोण ठेवतो?

"यंत्र आजार शोधत नाही, मुलाला नावं ठेवत नाही," मुलगी गोड हसून म्हणाली. "फक्त घरात शांतपणे, हळू आवाजात, भरपूर बोला. एवढंच!"

हळू आवाजात. विश्वजीत आणि प्रणोतीनं एकमेकांकडं पाहिलं.

मुसळ्यांचं घर गल्लीत आवाजासाठीच प्रसिद्ध होतं. विश्वजीतचे वडील आण्णा, म्हणजे बाळासो मुसळे, यांनी एकोणचाळीस वर्षं यंत्रमाग चालवला. मागाच्या खडखडाटात माणसाचे कान आधी कंटाळतात, मग रिटायर होतात. आण्णांचे पन्नाशीतच झाले होते. पण माग चालवणाऱ्याला कान लागतात कुठं? तो समोरच्याच्या ओठांकडं बघतो, हातांकडं बघतो. दोन बोटं वाकवली की कांडीवरचं सूत संपलं. चिमूट सोडली की धागा तुटला. मागावरची माणसं घरी आली तरी तशीच बोलतात, समोर येऊन, तोंडाकडं बघून, हातवारे करत आणि मोठ्यांदा. विश्वजीत कारखान्यात सुपरवायझर झाला, नवे माग हवेवर चालायला लागले, तरी घराची ही रीत गेली नव्हती. "आण्णा, चहा घेता काय?" हे वाक्य मुसळ्यांच्या घरात भांडणासारखं ऐकू यायचं.

आणि त्या घरात इंदू मजेत वाढत होती. पावणेचार वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची. दीड वर्षांपूर्वी एक मोठा ताप येऊन गेला होता. त्यानंतर बोलणं जरा बोबडं, जरा मागं. पण आण्णांशी तिचं मेतकूट असं, की दोघं समोरासमोर बसून तासन्‌तास हातांनी, ओठांनी आणि खच्चून ओरडून गप्पा मारायचे. "आजोबाची लाडकी," लोक म्हणायचे.

कान बसला, आणि घर हळू बोलायला लागलं.

पहिल्या दिवशी सगळ्यांना गंमत वाटली. विश्वजीत "प्रणोती, जरा पाणी देतेस का गं?" असं नाटकातल्यासारखं म्हणाला आणि ती पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी फोनवर अहवाल आला. आवाजाची पट्टी लाल. आण्णांची. तिसऱ्या दिवशी विश्वजीतनं वडिलांना कागदावर लिहून दाखवलं, 'आवाज कमी ठेवा, पोरीच्या प्रवेशासाठी.' आण्णांनी मान हलवली. पण स्वतःलाच ऐकू न येणारा आवाज माणूस कमी किती नि कसा करणार? त्यांनी मग गप्पच बसायचं ठरवलं.

चौथ्या दिवशी पट्टी हिरवी झाली, पण फेऱ्यांचा आकडा आला एकतीस. अपेक्षित चारशे.

"मशीन बिघडलंय," विश्वजीत म्हणाला.

संध्याकाळी इंदू खिडकीपाशी पाठ करून बसली होती. डबीत डाळीचे दाणे टाकत होती. प्रणोती चुलीपाशी होती. ती हळू, गोड, सांगितल्याप्रमाणे म्हणाली, "इंदू, लाडू देऊ?"

दाणा टाकला. दुसरा टाकला.

"इंदू, बाळा, लाडू."

तिसरा दाणा.

विश्वजीत दारात उभा होता. बूट काढता काढता थांबला होता. नवराबायकोची नजरानजर झाली, आणि दोघांनीही ती एकदमच काढून घेतली, चटका बसल्यासारखी.

"खेळात रमलीय," विश्वजीत म्हणाला.

"रमलीय," प्रणोती म्हणाली. मग ती इंदूच्या पुढ्यात जाऊन बसली, लाडू दाखवला, आणि इंदू खळखळून हसली. बघा, हसली की!

त्या आठवड्यात प्रणोतीनं एकदा दुपारी फोनवर वाचलं होतं. मेंदूच्या ज्या खोलीत आवाजानं राहायचं, तिथं आवाज आलाच नाही तर ती खोली रिकामी राहत नाही. डोळे येऊन तिचा ताबा घेतात. मग ऐकण्याचं यंत्र लावा, काही करा, आवाजाला घर मिळत नाही. चौथं-पाचवं वर्ष म्हणजे दार बंद होण्याचा काळ. एकेक महिना मोलाचा. तिनं एवढं वाचलं आणि फोन पालथा ठेवला. तपासणी केली तर तिची नोंद पोरीच्या आरोग्यखात्यावर चढणार, ते खातं शाळेला दिसणार. 'प्रतिसाद कमी' असा शेरा पडलेली गल्लीतली दोन मुलं जिल्ह्याच्या विशेष केंद्रात गेली होती. तिथून परत गावातल्या शाळेत कोणी आलेलं नव्हतं.

प्रवेश होऊ दे. मग बघू. मे महिन्यात तर यादी लागेल.

हे ती कोणाला बोलली नाही. विश्वजीतही तिला बोलला नाही. पण दोघांचं ठरलं मात्र होतं.

रविवारी जयसिंगपूरहून तिची ताई आली. बरोबर तिची गार्गी, साडेचार वर्षांची, तोंडाला कुलूप नसलेली. "मावशी, ही पाल कुणाची? मावशी, पालीला आई असते? मग ती कुठाय? का नाही आली?" प्रणोती पोळ्या लाटता लाटता उत्तरं देत राहिली. रात्रीच्या अहवालात एक ओळ आली: अनोळखी बालआवाज, दोनशे सहा फेऱ्या, गणनेतून वगळल्या. पाहुणा तीन दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास कळवावे.

ताईनं तो अहवाल वाचला. फोन परत केला. मग म्हणाली, "आमचे हे पाच वर्षांचे होईपर्यंत तोंड उघडत नव्हते. आता बंद होत नाही. काही घराणीच उशिरा बोलतात गं."

"तेच तर," प्रणोती म्हणाली.

"गार्गीला सुट्टीच आहे." ताईनं पदराला हात पुसले. "राहू दे की चाळीस दिवस. त्या मशीनला काय चेहरा दिसतोय?"

कान नव्यानं एकदाच सुरू करून मिळायचा, यंत्र बिघडलं तर. विश्वजीतनं तो स्वतःच्या हातानं उतरवला आणि पाण्याच्या बादलीत सोडला. दोन दिवसांत दुसरा आला. त्याच्यासमोर प्रत्येकानं आपलं नाव सांगून पाच मिनिटं बोलायचं, म्हणजे तो आवाज ओळखायला शिकायचा. गार्गीला चॉकलेट देऊन समजावलं होतं. ती भिंतीपुढं उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "माझं नाव इंदू विश्वजीत मुसळे."

इंदू तिच्या मागं उभी राहून तिच्या वेणीला हात लावत होती.

प्रणोती मेंडिंगचं काम करायची. विणून आलेल्या कापडातल्या चुका शोधायच्या आणि सुईनं अशा बुजवायच्या, की गिऱ्हाइकानं उजेडात धरलं तरी दिसू नये. तिच्या हाताला कारखान्यात मान होता. या कामातही ती कच्ची ठरली नाही. घरात 'इंदू' म्हटलं की गार्गी धावत यायची. "इंदू, आज भाजी कुठली करू?" "भेंडी! पण चिकट नको." "चिकट का होते गं भेंडी?" फेऱ्या चारशेच्या वर गेल्या, पाचशेच्या वर गेल्या. विश्वजीत कामावरून येऊन भाचीला गोष्टी सांगायचा, कानाकडं तोंड करून. आणि खोटं का सांगा, दोघांना त्यात सुख वाटायला लागलं होतं. विचारलं की उत्तर येत होतं. घरात बोलकं पोर असलं की असं असतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

फक्त एक जपायचं होतं. खऱ्या इंदूचा आवाज कानावर पडता कामा नये. तिचं ते बोबडं, फाटकं ओरडणं तीन दिवसांपेक्षा जास्त राहिलेला अनोळखी आवाज म्हणून चौथ्या दिवशीच्या अहवालात आलं असतं, आणि चौकशीला माणूस दारात.

तेव्हा तिच्याशी ते ओठांनी बोलायला लागले. आवाज न काढता. मागावरच्या घराला ते नवीन नव्हतं. 'जेवायला ये.' 'शू लागली?' 'शहाणी माझी.' आणि ती बोलायला लागली की बोट ओठांवर. 'शूऽऽ. असं. नुसतं असं.' दिवसा ती आणि आण्णा जिन्यात बसायचे. तिथवर कान पोचत नव्हता. पण गल्लीत बोभाटा नको म्हणून तिथंही ओरडायचं नाही, असं ठरलं होतं.

एकदा दुपारी आण्णा घरात आले. प्रणोतीसमोर उभे राहिले. "सूनबाई, ह्या पोरीला..." एवढंच त्यांच्या तोंडून गडगडलं, आणि प्रणोतीनं झटकन भिंतीकडं बोट केलं. आण्णांनी तोंड मिटलं. ती त्यांच्यामागं जिन्यात गेली.

"म्या तिला सवय लावली, तोंडाकडं बघून बोलायची," आण्णा शक्य तितकं हळू म्हणाले. "मला वाटायचं, माझं बघून करतीया."

"करतेच आहे, आण्णा. तुमचंच बघून." तिनं ओठ ठळक हलवत सांगितलं. "एवढा प्रवेश होऊ दे. मग बघू."

आण्णांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं. मग त्यांनी डोळे दुसरीकडं वळवले. बहिऱ्या माणसाचं हे बरं असतं, त्याला वाद संपवायला नुसतं बघायचं बंद केलं की पुरतं.

तिसाव्या का एकतिसाव्या दिवशी प्रणोतीनं पाहिलं: इंदू पायरीवर बाहुली घेऊन बसली होती आणि तिला काहीतरी मोठं सांगत होती. भुवया वर, मान तिरकी, बोट नाचवत, ओठ भराभर. पूर्ण गोष्ट होती ती. आवाज एक टिपूस नव्हता.

किती समजूतदार माझं लेकरू, असं प्रणोतीच्या मनात आलं. किती लवकर शिकली.

यादी लागली. इंदू विश्वजीत मुसळे, पहिला क्रमांक. 'असाधारण जिज्ञासा' असा शेरा. पेढे वाटले. कान उतरला. गार्गी दोन नवे फ्रॉक घेऊन जयसिंगपूरला गेली. बस हलली आणि विश्वजीतचे डोळे भरून आले, तेव्हा प्रणोतीनं तिकडं पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मुसळ्यांचं घर पुन्हा आपल्या आवाजात बोलू लागलं. विश्वजीत जुन्यासारखा गरजला, "इंदूऽऽ! बाबांकडं कोण येणार?"

इंदूनं पाहिलं, कारण तो समोर होता. तिचे ओठ म्हणाले, 'मी.'

"मोठ्यांदा बोल की! आता चालतंय!"

'मी,' ओठ पुन्हा म्हणाले. आणि तिनं स्वतःच आपलं बोट ओठांवर ठेवून बापाला दटावलं. शूऽऽ.

"येईल सवय," विश्वजीत म्हणाला. आण्णा जिन्यातच बसून होते. त्यांना हाक मारायला कोणी गेलं नाही.

आठ दिवस इंदूला गुदगुल्या केल्या, भोवती फुगे फोडले, 'आ कर' म्हटलं. ती आ करायची. तोंड चांगलं मोठं उघडायची. आणि शाबासकीसाठी तोंडाकडं बघत राहायची.

जूनमध्ये शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापिका मगदूम बाई, पिकल्या केसांच्या, गोल चेहऱ्याच्या, स्वतः दारापर्यंत आल्या. "हीच ती! बाई गं, चाळीस दिवसांत हिच्याएवढे प्रश्न कुणी विचारले नाहीत. आम्हाला सांभाळून घे हं." खोलीत रंगीत खुर्च्या होत्या. छताला चारही कोपऱ्यांत स्पीकर. बाई सांगत होत्या, आता पाठ बहुतेक आवाजावरच, मुलांच्या डोळ्यांना पडद्याचा त्रास नको म्हणून. आणि इंदूसारख्या मुलांना जादा तासही लागत नाहीत. अंदाजच इतका चांगला आहे, की तिच्याकडं वेगळं लक्ष द्यायची गरज नाही.

प्रणोतीनं वर स्पीकरकडं पाहिलं. मग इंदूकडं. इंदू तिथल्या एका मुलाच्या हलत्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"इथं एक सही," बाईंनी अर्ज पुढं सरकवला आणि त्या इंदूपुढं वाकल्या. "नाव काय गं तुझं?"

इंदूनं त्यांचे ओठ पाहिले. ताठ उभी राहिली. हात मागं बांधले. मग तिनं उत्तर दिलं. प्रणोतीला ते लख्ख दिसलं, अक्षर न्‌ अक्षर. 'इंदू विश्वजीत मुसळे.' एवढ्यावर थांबली नाही. 'माझ्या आजोबांचं नाव बाळासो. आम्ही जिन्यात राहतो.'

खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

"अं?" मगदूम बाईंनी कान पुढं केला. म्हणजे त्यांचं तोंड दुसरीकडं वळलं. इंदू वळसा घालून पुन्हा त्यांच्या समोर गेली. आणि मोठ्या माणसाला एकदा सांगून कळत नाही, हे ठाऊक असलेल्या पोराच्या धीरानं तिनं सगळं पुन्हा सांगितलं, ओठ आणखी मोठे हलवत.

बाई हळूच सरळ झाल्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी लहान मुलांत काढली होती. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. त्यांनी विश्वजीतकडं पाहिलं, मग अर्जावरच्या पहिल्या क्रमांकाकडं, शाळेनं गावभर लावलेल्या फलकावर जो झळकत होता.

"नवी माणसं बघून बुजते," विश्वजीत घाईनं म्हणाला.

"हो ना," बाई म्हणाल्या. फार मऊ आवाजात म्हणाल्या. "बुजतात मुलं. होईल हळूहळू. तुम्ही सही करा."

त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन प्रणोतीच्या हातात दिलं. एवढी मदत कोण कोणाला करतं! दोन अक्षरं लिहिली की जागा पक्की होती, चौथीपर्यंत. विश्वजीतचा हात टेबलाखालून येऊन तिच्या मनगटावर टेकला. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. इंदूला वाटलं, आपलं काही चुकलं. तिनं आईची ओढणी ओढली आणि ओठांनी विचारलं, 'नाव चुकलं?'

प्रणोतीनं पेन खाली ठेवलं.

"प्रणू," विश्वजीत पुटपुटला. "नको."

"ती बुजलेली नाही, बाई. तिनं तुम्हाला दोनदा नाव सांगितलं," प्रणोती म्हणाली. तिचा आवाज मागाच्या खडखडाटावर चढवतात तसा मोठा झाला होता, आणि दारापाशी उभे असलेले आईबाप वळून बघायला लागले होते. "तिला ऐकू येत नाही. आणि आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं."